‘योग्य व्यक्ती’ कोणाला म्हणायचं? आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाचा कायदेशीर इतिहास

इंग्लंडमधल्या एखाद्या केअर होमला आज नवीन माणूस कामावर घ्यायचा असेल, तर आधी त्याची फाईल तयार करावी लागते. फाईलमध्ये काय हवं, हे कायद्यानेच ठरवून दिलंय. ओळखीचा पुरावा आणि अलीकडचा फोटो. गुन्हेनोंदीचा दाखला. आधीच्या नोकरीतल्या वर्तणुकीचा पुरावा. मुलांसोबत किंवा असहाय प्रौढांसोबत काम केलं असेल, तर ती नोकरी का सुटली याची शहानिशा. शिक्षणाची प्रमाणपत्रं. नोकऱ्यांचा पूर्ण इतिहास, आणि मध्ये खंड असेल तर त्याचं लेखी स्पष्टीकरण. कामाशी संबंध असलेल्या शारीरिक-मानसिक आजारांची माहिती. ही यादी 2014 च्या नियमावलीत आहे: नियम 19 आणि त्याला जोडलेली तिसरी अनुसूची.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर अशी यादी समोर आल्यावर जरा थांबा. वकिलासाठी ही पूर्ततेची यादी असते. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र ती जमिनीच्या थरांसारखी असते. फोटो एका काळातला, प्रमाणपत्र दुसऱ्या काळातलं, गुन्हेनोंद तिसऱ्याच काळातली. प्रत्येक थराखाली एकच प्रश्न दडलेला आहे: जो माणूस स्वतःचा बचाव करू शकत नाही, त्याच्या उशाशी कोणाला बसवायचं, आणि ते कोण ठरवणार?

या लेखात आपण हे थर एकेक करून उकलू. जाता जाता पद्धतीबद्दलही बोलू, कारण कायद्याचा इतिहास वाचताना नवीन संशोधक ठरावीक ठिकाणी घसरतात.

जेव्हा आजाऱ्याची सेवा दुसरा गरीबच करायचा

1834 च्या गरीब कायद्याने इंग्लंडमध्ये वर्कहाऊसची व्यवस्था पक्की केली. ज्याला पोट भरता येत नाही त्याने वर्कहाऊसमध्ये यावं, काम करावं, दोन घास खावेत. पण हळूहळू तिथे धडधाकट माणसांपेक्षा म्हातारे, आजारी आणि अपंगच जास्त दिसू लागले. त्यांची शुश्रूषा कोण करायचं? तर वर्कहाऊसमधल्याच दुसऱ्या गरीब बायका. पगार नाही, शिक्षण नाही. अनेकींना वाचताही येत नव्हतं, मग औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी कोण वाचणार?

1864 च्या अखेरीस टिमोथी डेली नावाचा एक आयरिश मजूर लंडनच्या होल्बर्न वर्कहाऊसमधल्या हेळसांडीनंतर मरण पावला. वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलून धरलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी गरीब कायदा मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनच्या वर्कहाऊस-रुग्णालयांची स्वतःच पाहणी सुरू केली. तिकडे लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने स्वतः खर्च उचलला आणि 1865 मध्ये ॲग्नेस जोन्स 12 प्रशिक्षित परिचारिका घेऊन ब्राउनलो हिलच्या वर्कहाऊसमध्ये रुजू झाल्या. तीन वर्षांत त्या तिथेच टायफसने गेल्या.

आता तारखा बघा. डेलीचा मृत्यू 1864 चा. वर्कहाऊसमधल्या गरिबांना परिचारिका म्हणून वापरायला बंदी घालणारा सरकारी आदेश निघाला 1897 मध्ये. मधली 33 वर्षं कशात गेली? प्रशिक्षित बाईला पगार द्यावा लागतो, आणि पगार स्थानिक करातून द्यावा लागतो. कर भरणाऱ्यांचे प्रतिनिधीच वर्कहाऊस चालवत होते. म्हणजे ‘योग्य कर्मचारी’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पैशांचा प्रश्न आहे. ही गोष्ट मनात ठेवा, ती पुढेही आपली पाठ सोडणार नाही.

1902: सुईणीची पिशवी आणि तिचं चारित्र्य

दुसरा थर सुईणींचा. 1902 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये सुईणींची अधिकृत यादी सुरू झाली. 1905 पासून यादीत नाव नसलेल्या बाईला स्वतःला सुईण म्हणवता येईना. 1910 पासून डॉक्टरच्या देखरेखीशिवाय नेहमीचा, पैसे घेऊन बाळंतपणं करण्याचा धंदाही तिला बंद झाला.

पण गावोगाव, गल्लोगल्ली बाळंतपणं करणाऱ्या जुन्या बायकांचं काय करायचं? त्यांना एका फटक्यात बाहेर काढलं असतं तर गरीब बायकांची बाळंतपणं कोणी केली असती? म्हणून कायद्याने एक दार उघडं ठेवलं. कायदा झाला तेव्हा किमान एक वर्ष काम केलेलं असेल आणि चारित्र्य चांगलं असेल, तर परीक्षा न देताही यादीत नाव घालता येईल. ‘चांगलं चारित्र्य’ ही अट इथे ठळकपणे दिसते. आजच्या नियम 19 मध्येही ती पहिल्या क्रमांकावर आहे.

चारित्र्य चांगलं की वाईट हे ठरवणार कोण? त्या काळी दाखला द्यायचे ते पाद्री, डॉक्टर, गावातली प्रतिष्ठित मंडळी. देखरेख करायची ‘स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याने’, म्हणजे काउंटी कौन्सिलने. निरीक्षक सुईणीच्या घरी जायचे, तिची पिशवी उघडून बघायचे, नोंदवही तपासायचे. स्वच्छता आणि सदाचार एकाच मापाने मोजले जात होते. श्रमिक वर्गातली बाई आणि तिला तपासणारा मध्यमवर्ग, हे नातं या कागदपत्रांत ओळीओळीत दिसतं. तुम्हाला स्त्री-अभ्यासात किंवा वर्गाच्या इतिहासात रस असेल, तर सुईणींच्या शिस्तभंगाच्या सुनावण्या म्हणजे खाणच आहे.

1919: नाव राखलं, काम मोकळं सोडलं

डिसेंबर 1919 मध्ये परिचारिका नोंदणी कायदा झाला. त्यासाठी एथेल बेडफर्ड फेनविक तीस वर्षांहून जास्त काळ भांडत होत्या. 1921 मध्ये नोंदवही उघडली तेव्हा पहिलं नाव त्यांचंच पडलं.

इथे एक बारकावा आहे आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. या कायद्याने ‘नोंदणीकृत परिचारिका’ हे नाव राखीव केलं, परिचारिकेचं काम नाही. नोंदणी नसलेली बाई रुग्णाची सेवा करू शकत होती, पगार घेऊ शकत होती, फक्त ती पदवी लावू शकत नव्हती. 1910 नंतरच्या सुईणीशी तुलना करून बघा: तिथे कामावरच बंधन होतं. कुठलाही व्यवसाय-नियमनाचा कायदा वाचताना हा प्रश्न विचाराच: कायदा नाव राखतोय की काम? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाव राखलं तर खासगी मालक स्वस्तातली, नोंदणी नसलेली माणसं ठेवू शकतो आणि कायदाही मोडत नाही.

आणि झालंही तसंच. त्या काळी इंग्लंडमध्ये खासगी नर्सिंग होम्स बरीच होती. कोणीही घर भाड्याने घ्यावं, चार खाटा टाकाव्यात, पाटी लावावी. 1926 मध्ये संसदेच्या निवड समितीने याची चौकशी केली, आणि 1927 मध्ये नर्सिंग होम नोंदणी कायदा आला.

1927 ते 1949: लंडनहून मुंबईला आलेलं वाक्य

आपल्या शीर्षकातला शब्द इथे भेटतो. 1927 च्या कायद्याने नोंदणी नाकारण्याची कारणं सांगितली. त्यातलं पहिलं कारण थोडक्यात असं: अर्जदार, किंवा त्याने कामावर ठेवलेली कोणतीही व्यक्ती, वयामुळे किंवा अन्य कारणाने नर्सिंग होम चालवायला किंवा तिथे काम करायला ‘योग्य व्यक्ती’ नसेल तर. पुढचं एक कारण असं: शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये अर्हताप्राप्त परिचारिकांचं ‘योग्य प्रमाण’ नसेल तर.

दोन्ही ठिकाणी ‘योग्य’ आहे आणि व्याख्या कुठेच नाही. योग्य व्यक्ती म्हणजे कोण? योग्य प्रमाण म्हणजे किती, तिघांमागे एक की दहांमागे एक? कायदा गप्प आहे. हा गाफीलपणा नाही. मुद्दाम रिकामी ठेवलेली ही जागा आहे, स्थानिक अधिकाऱ्याने आपल्या समजुतीने भरायची.

आता 1949 चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा उघडा. पाचवं कलम वाचा. अर्जदार किंवा त्याने नेमलेली कोणतीही व्यक्ती, वयामुळे किंवा अन्य कारणाने… तेच वाक्य! परिचारिकांचं ‘योग्य प्रमाण’ तेच. नोंदणी करणारा ‘स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकारी’ हा शब्दही ओळखीचा वाटला ना? तो 1902 च्या सुईणींच्या कायद्यातून 1927 मध्ये आणि तिथून आपल्याकडे आलेला. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती, आणि मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने इंग्रजी कायद्याचा साचा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी आजही याच कायद्याच्या वारशावर चालते.

साचा आला, पण साच्याखालची जमीन आली का? इंग्लंडमध्ये 1927 ला परिचारिकांची सरकारी नोंदवही सहा वर्षं चालू होती आणि संघटना जोरात होत्या. आपल्याकडे परिचारिकांची संख्याच तुटपुंजी होती. मग ‘योग्य प्रमाण’ हे रिकामं भांडं कोणी आणि कशाने भरलं? हा प्रश्न मी इथे सोडवत नाही, तुमच्यासाठी ठेवतोय. सिनॉप्सिसचा विषय शोधत असाल तर टिपून घ्या.

वृद्धाश्रम मागे राहिले

1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने खासगी वृद्धाश्रमांनाही नोंदणी लावली. ‘योग्य व्यक्ती’ची अट तिथेही आली, पण थोडी आकसून. नर्सिंग होममध्ये ती कामावरच्या कोणालाही लागू होती. वृद्धाश्रमात ती आश्रम चालवणाऱ्याला आणि व्यवस्थापनात काम करणाऱ्याला लागू झाली. म्हाताऱ्याला उचलून बसवणारी, न्हाऊ घालणारी, रात्री हाकेला ओ देणारी बाई कोण आहे, हे कायद्याने विचारलंच नाही. ते काम ‘घरकाम’ समजलं जायचं, आणि घरकामाला कसली आलीय पात्रता!

समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड-वेल्समधल्या 173 संस्था पाहून 1962 मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक म्हातारी माणसं अजून जुन्या वर्कहाऊसच्याच इमारतींत राहत होती. 1967 मध्ये कार्डिफच्या ईली रुग्णालयातल्या मतिमंद रुग्णांच्या छळाची हकिकत तिथल्याच एका साहाय्यकाने बाहेर काढली, आणि 1969 मध्ये चौकशी अहवाल आला. कमी माणसं, तोकडं प्रशिक्षण, बंद दारं: शंभर वर्षांपूर्वीचंच गाऱ्हाणं.

नोंदवही कमी पडली तेव्हा

1991 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ग्रॅंथमच्या रुग्णालयातल्या बालरुग्ण विभागात चार मुलं दगावली आणि इतर काहींच्या जिवावर बेतलं. बेव्हर्ली ॲलिट या परिचारिकेला 1993 मध्ये शिक्षा झाली. ती रीतसर शिकलेली होती. तिचं नाव अधिकृत नोंदीत होतं. ज्या नोंदणीसाठी फेनविक बाईंनी आयुष्य वेचलं, ती नोंदणी इथे निरुपयोगी ठरली.

सर सेसिल क्लोदियर यांच्या समितीचा अहवाल 1994 मध्ये आला. समितीचं लक्ष गेलं ते शिक्षणकाळातल्या तिच्या वारंवारच्या आजारपणाच्या रजांकडे. मग प्रकृतीचा आणि रजांचा इतिहास हा नेमणुकीचा विषय बनला. पण दुसरी बाजू बघा. नैराश्यातून बरी झालेली, चांगलं काम करणारी परिचारिकाही आता संशयाच्या फेऱ्यात आली. म्हणूनच 2010 च्या समानता कायद्याने, काही अपवाद ठेवून, नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराला आजारांबद्दल विचारायला मनाई केली. आणि 2014 च्या नियमात वाक्य आलं ते असं: वाजवी सोयी करून दिल्यानंतर, प्रकृतीच्या दृष्टीने काम करायला समर्थ. ‘वाजवी सोयी’ हे दोन शब्द अपंग हक्कांच्या चळवळीची कमाई आहे. एका वाक्यात दोन चळवळी शेजारी बसल्या आहेत, आणि त्यांचं फारसं पटत नाही.

तारखांचा सापळा

आता एक इशारा. या विषयावर वाचाल तेव्हा एक सोपी गोष्ट वारंवार कानावर पडेल: भयंकर घटना घडली, लोक खवळले, कायदा आला. उदाहरणादाखल सोहम गावचं प्रकरण सांगतात. ऑगस्ट 2002 मध्ये तिथे दोन शाळकरी मुलींचा खून झाला. खुनी एका शाळेचा रखवालदार होता, आणि त्याच्याविरुद्धच्या जुन्या तक्रारींची माहिती त्याला नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती. ‘म्हणून गुन्हेनोंद तपासणी सुरू झाली’ असं लोक सांगतात.

पण गुन्हेनोंद कार्यालय मार्च 2002 मध्येच सुरू झालं होतं, आणि त्याची तरतूद 1997 च्या पोलीस कायद्यात होती. काळजी-मानके कायदा 2000 चा. केअर होमसाठीच्या 2001 च्या नियमावलीत ‘कर्मचाऱ्यांची योग्यता’ हा नियम आणि लागणाऱ्या कागदांची अनुसूची आधीच होती. सोहममुळे जे आलं ते पुढचं: 2004 चा बिचर्ड अहवाल आणि त्यातून 2006 चा असुरक्षित गट संरक्षण कायदा. घटनेने रस्ता बांधला नाही, आधीच्या रस्त्यावर गाडीचा वेग वाढवला. ‘कारण’ लिहिण्याआधी महिने जुळवून बघा. नुसतं वर्ष लिहिलंत तर 2002 आणि 2002 एकच दिसतात.

अजून एक गंमत. 2001 च्या नियमावलीत कर्मचाऱ्यांच्या योग्यतेचा नियम 19 वा होता. 2010 मध्ये तो 21 वा झाला, 2014 मध्ये पुन्हा 19 वा. आकडा जुळला म्हणून वंशावळ सिद्ध होत नाही. ती सिद्ध होते अनुसूचीतला एकेक मुद्दा शेजारी ठेवून. कंटाळवाणं काम आहे, पण संशोधनातला बराचसा शोध अशा कंटाळवाण्या तक्त्यांतूनच लागतो.

तपासलं जाणाऱ्याचीही बाजू असते

काळजी-मानके कायद्यानुसार 2004 पासून एक काळी यादी सुरू झाली. असहाय प्रौढांना इजा केल्याचा आरोप झाला, की कर्मचाऱ्याचं नाव तात्पुरतं यादीत जायचं. तेही त्याचं म्हणणं ऐकून घेण्याआधी. नाव गेलं की नोकरी गेली. अंतिम निर्णयाला महिनोन्‌महिने लागायचे. काही काळजी-कर्मचारी न्यायालयात गेले. जानेवारी 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘राइट’ खटल्यात सांगितलं, की बाजू मांडू न देता असं नाव घालणं मानवी हक्कांशी विसंगत आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक नियम चुकीचा ठरवला. एकापेक्षा जास्त वेळा दोषी ठरलेल्या माणसाचे सगळे जुने गुन्हे, कितीही किरकोळ असले तरी, दाखल्यावर कायमचे उघड करणं हे प्रमाणाबाहेर आहे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. 2020 मध्ये तो नियम गेला.

ही बाजू लिहिली नाही तर इतिहास अर्धवट राहतो. केअर होममध्ये काम करणारी माणसं बहुतेक कमी पगाराची, बहुतांशी बायका, आणि कितीतरी परदेशातून आलेल्या. ‘नोकरीतला खंड लेखी समजावून सांगा’ ही अट कोणाला जड जाते? ज्यांनी मधली वर्षं स्वतःच्या घरातल्या आजाऱ्याची सेवा करण्यात घालवली, त्यांनाच.

मग संचालकांचं काय? मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातल्या हालअपेष्टांवरचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी 2013 मध्ये आला, 290 शिफारशींसह. तिथे खर्चकपातीत परिचारिका कमी झाल्या होत्या, आणि तो निर्णय वॉर्डातल्या कोणी घेतला नव्हता. त्यानंतर 2014 च्या नियमावलीत नियम 5 आला: संचालकही ‘योग्य आणि उचित व्यक्ती’ असला पाहिजे. नियम 18 मध्ये पुरेशा संख्येने कर्मचारी असण्याचं बंधन आलं. मात्र ‘पुरेशा’ म्हणजे किती हे तिथेही सांगितलेलं नाही. 1927 ची रिकामी जागा नव्या कागदावर तशीच उतरली. व्यक्तीबद्दल सात पुरावे मागणारा कायदा संख्येबद्दल आकडा उच्चारत नाही, कारण आकडा म्हणजे पगार.

शब्दाचा अर्थ अजूनही हलतोच आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये इंग्लंडच्या केअर होममध्ये काम करायला कोविडची लस सक्तीची झाली, आणि मार्च 2022 मध्ये ती अट काढून टाकली. चार महिन्यांत हजारो माणसांसाठी ‘योग्य’ची व्याख्या दोनदा बदलली.

आता तुमच्या टेबलावर

असा एखादा शब्द तुमच्या विषयातही असेल: ‘पात्र’, ‘स्थानिक’, ‘सक्षम’, ‘गरजू’. तो धरा आणि तीन कामं करा. पहिलं, तो कायद्यात पहिल्यांदा कुठे आला आणि कोणत्या वाक्यातून उचलला गेला ते शोधा. दुसरं, त्याची व्याख्या दिलीय की रिकामी ठेवलीय ते पाहा. रिकामी असेल तर ती भरणाऱ्या कारकुनाच्या, निरीक्षकाच्या फाईली कुठल्या दफ्तरखान्यात आहेत ते विचारा. तिसरं, त्या शब्दामुळे बाहेर कोण राहिलं त्यांची नावं, निदान त्यांच्या तक्रारी, शोधा. तिसरं काम सगळ्यात अवघड असतं, कारण बाहेर राहिलेल्यांची फाईल सहसा कोणी जपत नाही.

मुंबईपासूनच सुरुवात करायची असेल, तर 1949 च्या कायद्याचं विधेयक, त्यावरची विधिमंडळातली चर्चा आणि नोंदणी नाकारलेल्या शुश्रूषागृहांच्या नोंदी, या क्रमाने जा. आणि इंग्लंडचा 1927 चा कायदा शेजारी उघडा ठेवा. एकेका वाक्यावर बोट ठेवून दोन्ही वाचले, की काय जसंच्या तसं आलं आणि काय वाटेत गळलं, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.